आबांचा पाय आणि भरितानंतरची झोप

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या पायाला काही कळतं की नाही, हा गेल्या हिवाळ्यात आमच्या घरचा मोठा घोर होता. साखर जुनी, आणि ह्याच साखरेनं त्यांच्या थोरल्या भावाचा पाय गेलेला. धुळ्याचे डॉक्टर डोळे मिटायला लावून तळव्याला जाडसा दोरा टेकवत आणि विचारत, कळलं का? आबा दोरा टेकायच्या आधीच "बठ्ठं समजस माले", म्हणजे सगळं कळतं मला, म्हणून मोकळे. परीक्षेला बसल्यासारखे! अशा माणसाला तपासायचं तरी कसं?

मग शेतात भरिताची पार्टी झाली. भरीत-पुरी चापून आबा खाटेवर आडवे झाले आणि बघता बघता घोरायला लागले. मी म्हटलं, झोपेत तर हा माणूस खोटं बोलणार नाही! वांगी भाजायला आणलेल्या कपाशीच्या वाळक्या झाडांतली एक काडी उचलली आणि तळव्याला टेकवली. पाय हलला नाही. जरा दाबली. तरी नाही. मी काडी आणखी रोवायला निघाले.

माझी लेक जळगावला डॉक्टरकी शिकते. तिनं काडी हिसकावून घेतली.

"आई, जखम करशील! आणि भरीत खाऊन पडलेल्या माणसाचं काय बघतेस? गाढ झोपेत पाय असा सहज मागे येत नाही, चांगलं जोरात टोचावं लागतं. स्वप्नात असले तर पाय आणखीच सुस्त. झोप हलकी होऊ दे."

थांबणं माझ्या स्वभावात नाही. तरी बसले, बोटं मोडत. नातेवाईक गप्पा मारत होते, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. बऱ्याच वेळानं घोरणं बंद झालं, आबांनी कूस बदलली, नाकावरची माशी हाकलली. लेकीनं त्याच तळव्याला नुसतं नख लावलं.

पाय असा झटकन मागे गेला की खाट करकरली.

"दुखस ना माय!" आबा डोळे मिटूनच ओरडले.

इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. ह्या माणसाच्या तोंडून दुखण्याचा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही. मी तो पाय दोन्ही हातांनी धरला आणि रडत-हसत बसले. आबा जागे झाले, माझ्या रडण्याचं कारण न उमजून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाय हळूच धोतरात ओढून घेतला.

"रडस काब्र? काही नही व्हयनं माले."