दाताच्या दवाखान्यातून जाणारा बांध

माझ्या मुलानं वाँडरिंगला हात वर केला.

सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली होती. फळ्यावर पाच इंग्रजी शब्द लिहिले होते आणि मी रोज सकाळी फिरते त्या फिरण्याला त्यातला कोणता लावायचा, यावर मतदान चाललं होतं. वाँडरिंग ठरलं तर म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही असा अर्थ, हे दाताच्या डॉक्टरांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तसं झालं की मला लोणी काळभोरच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं, हे घरात बोलून झालं होतं. मुलगा जागा बघूनही आला होता. म्हणाला, छान बाग आहे, संध्याकाळी सगळ्यांना रांगेत फिरवतात. रांगेत आम्ही गुरं आणायचो, पण ती निदान दिवसभर मोकळी चरलेली असायची.

मी मागच्या खुर्चीवर होते. शेजारी नात. ती कंपनीत काम करते, इंग्रजी तिला येतं. मी चौथी शिकलेली.

"आजी, बाबांनी हात वर केला," ती कानात म्हणाली.

"दिसतंय मला. मोतीबिंदू काढलाय."

भानगड अशी होती. धायरीत आमची सोसायटी उभी आहे ती जमीन आमची. बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले. शेती होती तेव्हा सकाळचं पहिलं काम म्हणजे बांध फिरून यायचं. शेजारचा माणूस नांगर धरताना दर साली बोटभर बांध कोरतो. तो वाईट असतो असं नाही, सगळेच कोरतात, आम्हीही कोरायचो. म्हणून रोज फिरायचं, म्हणजे तो बघतो की आपण बघतो. जमीन गेली, फिरणं राहिलं. आता कोण काय कोरणार आहे, असं मुलगा विचारतो. कोणी नाही. तो रोज पेपर वाचतो, त्यानं तरी जगात काय हलतं?

बांध कुठून जायचा ते मला पक्कं माहीत आहे. गेटपासून निघतो, पार्किंगमधल्या गाड्यांच्या मागून जातो, जिममध्ये शिरतो आणि दुकानांच्या ओळीत दाताच्या दवाखान्यातून आरपार जातो. जिममध्ये माणसं पट्ट्यावर चालत असतात. घाम निघेपर्यंत चालतात आणि जिथं चढली तिथंच उतरतात. त्यांच्यासाठी कोणी सभा बोलावली नाही. दवाखाना नोकरदारांसाठी सकाळी लवकर उघडतो. मी पुढच्या दारानं आत जाते आणि मागच्या दारानं बाहेर पडते. कोणाशी बोलत नाही. दात माझ्या तोंडात नाहीत, तेव्हा तिथं माझं काही कामही नाही.

एकदा एक माणूस खुर्चीत तोंड उघडून आडवा पडला होता. मी डोक्याशी आले तशी त्याला मी उलटी दिसले. त्यानं दचकून तोंड मिटलं. डॉक्टरांचं बोट आत होतं.

डॉक्टरांनी मोबाइलवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. त्यांनी लिहिलं वाँडरिंग. जिमवाल्यानं लिहिलं लॉयटरिंग. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, बिचारी स्ट्रोलिंग करते, करू द्या. कोणी रोमिंग लिहिलं, कोणी रॅम्बलिंग. आमचे सेक्रेटरी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, एका कृत्याला पाच शब्द असले तर ठराव लिहिता येत नाही. आधी शब्द ठरवा, मग कारवाई.

अर्थ सांगायला इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक उभे राहिले. ते नारायण पेठेतली जागा सोडून आमच्याकडे आलेले, आणि त्याचा राग आमच्या नळाच्या पाण्याला नावं ठेवून काढायचे. त्या दिवशी मात्र खूश होते. इतके ऐकणारे त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळाले असावेत.

"स्ट्रोलिंग म्हणजे रमतगमत जाणं," ते म्हणाले. "पोट भरलेलं असावं, घाई नसावी. रॅम्बलिंग म्हणजे पाऊलवाटेनं, रानातून लांबवर, केवळ आनंदासाठी. रोमिंगमध्ये प्रदेश मोठा लागतो."

"आणि बिल जास्त येतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"आपण बाहेर जाऊन बोलावं. लॉयटरिंग म्हणजे काम नसताना एका जागी घुटमळणं. यात संशयाची छटा आहे. वाँडरिंग म्हणजे कुठं जायचं ते ठरलेलं नाही. यात कवी येतात आणि रुग्णही येतात."

"इथं रुग्ण आहे," डॉक्टर म्हणाले. बोटाला अजून पट्टी होती.

"ते सभा ठरवेल," सेक्रेटरी म्हणाले.

रोमिंग आणि रॅम्बलिंग पहिल्या फेरीत पडले. लॉयटरिंगला फक्त जिमवाल्याचा हात होता. राहिले दोन. स्ट्रोलिंग म्हणजे काही करायचं नाही, वाँडरिंग म्हणजे कुटुंबाला लेखी समज. हात मोजले तर वाँडरिंग एकानं पुढं होतं, आणि तो एक हात माझ्या मुलाचा.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "हा फ्लॅट कोणाच्या नावावर?"

"आईच्या," मुलगा म्हणाला. "पण सभेला इतकी वर्षं मीच येतो."

"येत जा. चहा घ्या. हात वर करू नका. सभासद मागं बसल्यात."

मुलगा खाली बसला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. नातीनं माझं कोपर दाबलं.

"स्ट्रोलिंग म्हण आजी. सुटशील."

"मी कधी रमतगमत गेले गं?"

"आजी, आत्ता तरी—"

"पोट भरून, घाई न करता. तुझा आजा जायचा तसा. मी न्हाई."

प्राध्यापक फळ्याजवळून म्हणाले, "आजीबाई, याच शब्दांतून निवडायचं आहे."

"वाचमन रातच्याला सोसायटीभोवती फिरतो, त्याला काय म्हणता?"

"त्याला राउंड म्हणतात. पण तो शब्द फळ्यावर नाही."

"मंग लिवा. मी बी तेच करते. कडेकडेनं जाते, समदं जागेवर हाय का बघते, घरी येते."

"अहो, पण चालण्याच्या क्रियापदांत राउंड बसतच नाही. छटेचा प्रश्न आहे."

"सभासदाची सूचना आहे," सेक्रेटरी म्हणाले. "खडू द्या इकडं."

त्यांनी स्वतः लिहिलं. स्ट्रोलिंगवाले सगळे राउंडला आले. वाँडरिंगमधलेही दोघे आले, कारण चहा निवत होता. माझा हात मी शेवटी वर केला. लेखी समज टळली आणि मुलाला वृद्धाश्रमाला नको म्हणून फोन करावा लागला.

पण सेक्रेटरी तेवढ्यावर थांबणारे नव्हते. राउंडचे नियम होते. राउंड घेणाऱ्याकडे शिट्टी पाहिजे, बॅटरी पाहिजे. दिवसाढवळ्या बॅटरी कशाला, असं मी विचारलं. नियमात वेळ लिहिलेली नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी वॉचमननं मला दोन्ही वस्तू आणून दिल्या आणि सकाळचा राउंड आता तुमचाच म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो त्या वेळात झोपायला लागला.

डॉक्टरांनी एक अट घातली: आत येण्याआधी रस्त्यावर शिट्टी वाजवायची. मी वाजवायची. आतून ते बोट काढून घ्यायचे आणि ओरडायचे, "मिटा!" पेशंट तोंड मिटायचा, मी बॅटरी घेऊन त्यांच्या मधून निघून जायची. नव्या पेशंटला काय सांगायचे मला माहीत नाही. त्यांचा धंदा बुडाला नाही.

मुलगा त्या सभेच्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "आई, तुझ्या काळजीपोटीच केलं."

"हात दुखला असंल. जेव."

तो जेवला. वृद्धाश्रमाचा विषय त्यानं परत काढला नाही, मीही नाही. काळजी असेलही त्याला. काळजी असली म्हणून हात दिसायचा राहत नाही.

पुढं सेक्रेटरी गेले. प्राध्यापक त्यांच्या मागोमाग गेले. जिमवाला हार्टअटॅकनं गेला, वय काहीच नव्हतं. डॉक्टर दवाखाना विकून परदेशात आपल्या मुलीकडे गेले, तिथलं काही कळत नाही. मुलाचे गुडघे गेलेत, तो जिन्यापर्यंत जातो. मी आहे.