म्होरली गाडी

इंजिन खोललं की ऑइलच्या तळाला काळा, चिकट गाळ सापडतो. तो कुणी हौसेने साठवलेला नसतो. गाडी चालत राहते, तो बसत राहतो. किश्श्यांचं तसंच! आपल्याला वाटतं आतून सगळं स्वच्छ आहे, आणि एखाद्या दिवशी नट ढिला झाला की भळाभळा सुरू.

परवा टीव्हीवर परदेशातली मोटारींची शर्यत लागली होती. एक गाडी आपटली. लगेच डोक्यावर दिवे लावलेली दुसरी एक झकपक गाडी बाहेर आली आणि इतका वेळ बेफाम धावणाऱ्या सगळ्या मोटारी तिच्या मागे निमूट रांगेत लागल्या. कुणी पुढे जाईना. बोलणारा म्हणाला, 'ही सेफ्टी कार.'

घरात मी एकटी. तरी मोठ्यांदा ओरडले, "अहो, ही तर मी!"

*

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. चाकणच्या बाजूला लढाईच्या काळात विमानांसाठी केलेली एक धावपट्टी ओस पडली होती. पुण्यातल्या हौशी लोकांचा मोटार क्लब वर्षातून एकदा तिथे शर्यत लावायचा. माझ्या दादाचं चिंचवडला, मुंबई रस्त्यावर गॅरेज. नवऱ्याचं घर सोडून मी तिथे आलेली. का सोडलं ते विचारायचं नाही. दादानेही विचारलं नव्हतं, हातात पाना दिला होता. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं मला मोटारींनी शिकवलं.

क्लबचे मुख्य होते एक निवृत्त कर्नलसाहेब. एका वर्षी दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि मोडतोड उचलणाऱ्या माणसांच्या अंगावर मागच्या गाड्या जाता जाता वाचल्या. तेव्हा साहेबांनी नियम काढला. रस्त्यात काही अडलं की एक गाडी पिवळं कापड लावून बाहेर येईल. बाकीच्यांनी तिच्या मागे रांगेत चालायचं. कापड वर असेपर्यंत तिच्यापुढे जो जाईल तो बाद! रस्ता मोकळा झाला की कापड खाली, ती गाडी बाजूला, आणि शर्यत पुन्हा चालू.

पण ती गाडी चालवणार कोण? सगळ्यांना जिंकायचं होतं. जी गाडी कायम पुढे असते आणि कधीच जिंकत नाही, ती कुणाला हवी?

दादा म्हणाला, "माझी बहीण चालवील."

साहेब हसले. "बाईमाणूस?"

मी म्हटलं, "साहेब, जिंकायचं नसताना पुढे राहायचं, हे बाईमाणसाला नवीन नाही!"

गावातल्या धोंडिबाने, तो पट्टीचा राखणदार, माझ्या गाडीला नाव पाडलं म्होरली, सगळ्यांच्या पुढे चालते म्हणून. तेच राहिलं.

*

म्होरली म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी, जड स्टेशन वॅगन. छपराला भोक पाडून मी बांबू उभा केला, बांबूला कप्पी, कप्पीतून दोरी थेट माझ्या हाताशी. दोरी ओढली की कापड वर.

पहिल्याच वर्षी मला वाटलं, सांभाळून न्यायचं म्हणजे हळू न्यायचं. नेलं. जरा वेळाने मागे बघते तर गाड्यांमधून वाफा! पळण्यासाठी बांधलेली इंजिनं ती, त्यांना पुढून वारा हवा. मी त्यांना रांगवत नेऊन उकळून काढलं होतं.

सगळ्यात वेगवान पुण्याच्या कॅम्पातले रुस्तमशेठ. बॉनेटमधून वाफ निघतेय, आणि खिडकीतून डोकं काढून ओरडतायत, "अरे बाई, लगनाची वरात काढलीस की काय?"

"नवरदेव घामाने निथळतोय म्हणून हळू चाललेय, शेठ!"

पण बोलणं बरोबर होतं त्यांचं. मागच्यांना जे हळू वाटतं, तेवढ्यासाठीही पुढच्या गाडीला जीव तोडून धावावं लागतं. हे मला त्या दिवशी कळलं.

*

मग पुढच्या वर्षी मी जीव तोडून धावले. उकळली ती म्होरली!

एक गाडी उलटली होती, तिला ओढून काढण्याचं काम नुकतंच संपलेलं. रांग घेऊन मी फिरतेय आणि माझ्या रेडिएटरची नळी फुटली. पट्टीला लागूनच फाटकाबाहेर धोंडिबाच्या शेतातली विहीर. मी ठरवलं, कापड खाली घ्यायचं, बाजूला व्हायचं, पाणी भरायचं. दोरी सोडली तर कापड उतरेना! कप्पीत अडकलेलं. इंजिन जळायला आलेलं. मी तशीच वळले आणि फाटकातून बाहेर पडले.

आणि सगळ्या गाड्या माझ्या मागोमाग!

नियम म्हणजे नियम. कापड वर आहे, पुढे जायचं नाही. बांधावरून, कांद्याच्या वाफ्याकडेने, धूळ उडवत सगळी शर्यत विहिरीवर आली. मी थांबले, तेही थांबले, रांगेत, क्रमाने. रुस्तमशेठ तिसरे होते. खाली उतरून पाय मोकळे करतानाही त्यांनी दुसऱ्याच्या गाडीपुढे पाऊल टाकलं नाही.

इकडे कर्नलसाहेब झेंडा घेऊन उभे. एकही गाडी येईना. आवाजसुद्धा नाही. त्यांनी धोंडिबाला सायकलवर पिटाळलं. तो गेला, पाहून आला आणि दम खात म्हणाला, "सायेब, शर्यत हिरीवर हाय!"

त्यानंतर मी म्होरलीला लॉरीचा रेडिएटर बसवला.

*

आरसे मी तीन लावले होते. त्यातला मधला न्हाव्याच्या दुकानातला, चांगला हातभर रुंद. मागे कोण दात-ओठ खातोय, कोण देवाचं नाव घेतोय, कुणाचं लक्ष उडालंय, सगळं दिसायचं. त्या सगळ्या लोकांचे चेहरे मला त्यांच्या बायकांहून चांगले ठाऊक होते.

त्यांना माझी पाठ ठाऊक होती.

जेवणाच्या सुट्टीत ते तंबूत बसायचे. कोण कुणाला कसं घासून गेलं, कोपराला कोपर लावून कसे पळाले, यावर हसून हसून लोळायचे. मी म्होरलीत बसून भाकरी खायची. हाकललं नव्हतं कुणी. पण तंबूतली सगळी बोलणी आजूबाजूने पळणाऱ्यांची. माझ्या आजूबाजूला कधी कुणी आलंच नव्हतं, तर मी बोलणार काय?

म्हणून मला एकदा कापडाशिवाय पळायचं होतं. पहिला नंबर मरो! कुणीतरी शेजारी यावं, माझ्याकडे बघून दात काढावेत आणि पुढे निघून जावं, एवढंच. दरवर्षी साहेबांना विचारायची. दरवर्षी साहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू, बाई."

रुस्तमशेठ मात्र म्हणायचे, "ते कापड उतरू दे एकदा, मग बघ! असा जाईन बाजूने, की धुळीने तुझं कुंकू पांढरं होईल!"

मी म्हणायची, "कुंकू मी लावत नाही. तुम्ही या तर खरं!"

*

एका वर्षी वळणावर ठेवायला गवताच्या पेंढ्या मिळाल्या नाहीत. धोंडिबाने डोकं लढवलं. चाकणच्या बाजारात सडायला आलेल्या कांद्याची पोती पडून होती, ती आणून रचली. "पोतं ते पोतं, सायेब. गाडीला काय कळतंय?"

रुस्तमशेठ त्यात घुसले. कांद्याचा लगदा पट्टीभर. मी कापड वर केलं, रांग घेतली आणि त्या चिखलातून सगळ्यांना फिरवत राहिले. फेरीगणिक वास चढत गेला. आरशात बघते तर एकेक शूरवीर ढसाढसा रडतोय! बघायला आलेल्या बायांना वाटलं कुणीतरी गेलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गळे काढले. रुस्तमशेठ रडत रडत सांगतायत, "अरे मी जिवंत आहे!" आणि बायका म्हणतात, "धक्क्यानं भरमिष्ट झाला बिचारा!"

त्याच दिवशी सकाळी साहेब पुन्हा म्हणाले होते, पुढच्या वर्षी बघू.

मीही रडले. पोटभर रडले, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. कांदा फार उपयोगाचा.

*

बक्षिसाच्या वेळी फोटो काढणारा यायचा. एकदा म्हणाला, "सगळ्या गाड्या मागे घ्या. ती म्होरली पण घ्या, शोभेल."

मी म्होरलीशेजारी ताठ उभी राहिले.

तो काळ्या कापडाखालून बाहेर डोकावला. "बाई, जरा बाजूला होता का? गाडी झाकतेय."

"गाडी मी झाकत नाही, मी चालवते!" म्हटलं. पण झाले बाजूला. तो फोटो क्लबात लावलेला होता. म्होरली फार छान आली होती.

*

मग पिंपरीकडे एकेक कंपनी उभी राहू लागली. धावपट्टीही कुणीतरी घेतली म्हणे, कुंपण पडणार. शेवटची शर्यत ठरली. आदल्या आठवड्यात कर्नलसाहेब स्वतः गॅरेजवर आले. काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, यंदा तुम्ही पळा."

मी बांबू उपसला. भोकावर पत्रा ठोकला. मागचं बाक काढून वजन उतरवलं. दादा म्हणाला, "अगं, तू शेवटची येशील." मी म्हटलं, "येऊ दे की! सगळे शेजारून तर जातील."

झेंडा पडला. लॉरीचा रेडिएटर आणि लष्करी इंजिन, सुटताना म्होरलीने झेप घेतली आणि पहिल्या वळणाला मी पुढे. ठीक आहे, म्हटलं, आता येतील. लांब, सरळ पट्टी समोर. तीन गाड्या शेजारी शेजारी मावतील एवढी रुंद. मी मुद्दाम एका कडेला झाले.

न्हाव्याच्या आरशात पाहिलं. सगळे मागे. रांगेत.

मी वेग कमी केला. त्यांनीही केला.

हात बाहेर काढून खुणावलं, या पुढे! कुणी हललं नाही. अख्खी फेरी झाली, दुसरी झाली. शेवटी मला संताप आला. मधोमध ब्रेक दाबला आणि उतरले. मागे सगळ्या थांबल्या. पहिली गाडी रुस्तमशेठची.

"काय शेठ? धूळ उडवणार होतात ना? जा की पुढे! कुणाची वाट बघताय?"

रुस्तमशेठने गॉगल कपाळावर चढवला. डोळे पुसले. त्या दिवशी कांदा नव्हता.

"जातो की," म्हणाले. "आधी कापड तर खाली घे, बाई."

मी वळून छपराकडे पाहिलं. नुसता पत्रा. कापड तर चिंचवडला, धुऊन दोरीवर टाकलेलं होतं.