आमच्या तलावावरचा लेख

तेव्हा मी गडचिरोलीकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. आमच्या गावच्या तलावातल्या माशांवर बाहेरच्या संशोधकांनी लिहिलेला लेख एका ई-जर्नलमध्ये आला. त्यांना मासे धरून दिले होते माझ्या बाबांनी. ग्रंथालयातल्या एकुलत्या एका संगणकावर नुसता सारांश उघडला, पुढे पासवर्ड मागितला. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, यंदा कॉलेजनं वर्गणी भरलीच नाई." मी प्राचार्यांकडे गेले. "आपल्या इथी कोण वाचते ते?" ते म्हणाले. मी समोरच उभी होते. संशोधकांना ईमेल केला, त्याचंही उत्तर आलं नाही.

घरी बाबांनी विचारलं, "काय लिवलं त्याईनं?"

"बाबा, मले वाचूच नाई देत."

पुढे बाबा वारले. त्यांच्या तलावाबद्दल काय लिहिलंय, हे मला त्यांना कधीच सांगता आलं नाही.