टाकी भरलेली होती

ती खण आता बुजवली म्हणतात, पण माझ्या डोळ्यांसमोरून ती काही हलायला तयार नाही. पेठ वडगावच्या बाजूला दगड काढून काढून खोल गेलेली, मग पाणी भरल्यावर तशीच सोडून दिलेली. असल्या खणी आमच्या कोल्हापूर भागात पुष्कळ. वरून हिरवंगार पाणी, आत तुटके कडे आणि गंजलेलं लोखंड. 'पोहण्यास मनाई' अशी पाटी लावली की माणसं हमखास तिथंच पोहायला जाणार, हा माझा नोकरीतला अनुभव.

मयत मात्र असला हौशी नव्हता. मंगळवार पेठेतला चाळिशीचा माणूस, गॅरेज चालवायचा. मालवणला जाऊन स्कूबा शिकलेला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. खणीत कुणी बुडालं की आमचं ठाणंच त्याला बोलवायचं. त्याच्याबरोबर नेहमी उतरायचा तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. उन्हाळ्यातल्या एका सकाळी दोघं सरावाला उतरले आणि थोड्याच वेळात मेहुणा दाजींना ओढत काठाला घेऊन आला. दाजी गेले होते.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला आणि मला तिथंच खटकलं. काटा दाखवत होता की टाकी जवळजवळ भरलेली आहे. नळी शाबूत. माणूस पट्टीचा पोहणारा, आणि उतरले होते जेमतेम दोन पुरुष खोल. पाठीवर हवा असताना असा माणूस बुडतोच कसा? शवविच्छेदनात कारण आलं बुडून मृत्यू, आणि काखेत, दंडावर बोटांचे वळ.

लगेच ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नाही. "साहेब, त्यो अपघात न्हाय. मेव्हण्यानं भर चौकात सांगिटलंय, तुमाला त्याच खणीत गाडतो म्हणून. इचारा कुणालाबी!"

विचारलं. चहाच्या गाड्यावरच्या लोकांनी आपल्या कानांनी ऐकलेलं. आता आमच्याकडं दोघं प्रेमानं बोलत असले तरी परगावच्याला भांडण वाटतं, हे मला काय नवीन नाही. पण हे खरंच भांडण होतं. मी मेहुण्याला उचलला. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही.

"गाडतो म्हणालास?"

"म्हणालो." गड्यानं जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत.

"का?"

"पल्याडच्या कड्याखाली कपार हाय. वरचा दगड सुटलाय, आन् दाजी तिथं शिरायचं म्हणत हुते. घरात अक्का रडून बेजार. म्हणून बोललो, तिथं गेलासा तर मीच गाडतो."

"आणि हे वळ?"

"वर वढताना धरलं की! मग काय ओवाळत आणायचं हुतं?"

शेजारचा हवालदार बाह्या सरसावायला लागला. त्याला बाहेर चहा सांगायला पाठवलं. मारून कबुली मिळते, खरं मिळत नाही. मी आपला उलटसुलट विचारत राहिलो. माझा एक ठोकताळा होता. खोटं बोलणारा दर खेपेला तेच शब्द पाठ म्हणतो. खरं सांगणाऱ्याचे शब्द बदलतात, चित्र बदलत नाही. ह्याचं चित्र बदलत नव्हतं. "धडपड न्हाय, खूण न्हाय. डोळा लागल्यागत झाले. नळी तोंडातनं सुटली आन् खाली निघाले."

नेमकं हेच माझ्या गळी उतरेना. बुडणारा माणूस शेवटपर्यंत झगडतो. वरिष्ठांचा सारखा तगादा, खुनाचं कलम लावा आणि मोकळे व्हा. आणि ठाण्याच्या पायरीवर मयताची बायको. नवरा गेलेला, आणि त्याला मारला म्हणून पाठचा भाऊ आत. सासरचे तिच्याशी बोलत नव्हते. रडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या बायका मी खूप बघितल्या. ही नुसती बसून राहायची. मला तिच्या समोरून जाताना अवघड व्हायचं, खोटं कशाला सांगू?

आणि मग मुद्देमालाच्या खोलीत टाकी सरकवताना तोच हवालदार म्हणाला, "साहेब, ह्यात पाणी वाजतंय."

"टाकीत पाणी कुठनं येईल? हवेची टाकी आहे ती."

"हलवून बघा की."

हलवली. नारळ वाजतो तशी आत खळखळ झाली.

मालवणच्या प्रशिक्षकाला बोलावून घेतलं. आधी प्रयोगशाळेनं टाकीतल्या हवेचा नमुना घेतला, मग सगळी हवा सोडून त्यानं टाकीचं डोकं, म्हणजे वरची झडप, काढलं. आतून तांबडंलाल पाणी आलं. टाकी पोलादी. पाणी आत राहिलं की गंज धरतो, आणि तो गंज महिनोन् महिने आतल्या हवेतला प्राणवायू खात बसतो. काटा भरलेला दाखवतो, पण ती हवा माणसाच्या कामाची राहत नाही. प्रयोगशाळेनंही तेच लिहून दिलं. असल्या हवेत जीव घुसमटत नाही, माणूस नुसता झोपी जातो. पोरगा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. मग विचारलं, "टाकीत पाणी कुणी घातलं?"

"मी."

इतके दिवस डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा गडी, आता नजर जमिनीला. मी म्हटलं, "एवढा मार खायच्या तयारीनं बसलास, पण खोटं बोलला नाहीस. मग आत्ता का बोलतोस?"

तेव्हा तो फुटला. हुंदके देत म्हणाला, "साहेब, लावा ते खुनाचं कलम माझ्यावर. पर हे अक्काला सांगू नका."

हळूहळू सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं, अवजारं धुऊन पुजतात. दाजींनी टाकीचं डोकं तेलपाण्यासाठी काढलं आणि टाकी अंगणात बाकीच्या अवजारांजवळ ठेवली. अक्कानं सगळं घासलं. पूजेला ठेवायची वस्तू आतनं अस्वच्छ कशी ठेवायची? घागर विसळतात तशी तिनं टाकी आतून विसळली, पालथी घातली. पण तोंड अरुंद, पाणी पुरतं निघालं नाही. हा त्या दिवशी त्यांच्याकडं जेवायला गेला होता, त्यानं तिला विसळताना बघितलं होतं. संध्याकाळी दाजींनी डोकं बसवलं, टाकी भरून आणली आणि कधी कुणाचा फोन येईल म्हणून तयार ठेवली. मधल्या कामांना दुसऱ्या टाक्या पुरल्या, ही वापरायला काढली ती थेट त्या सकाळी.

जबाब घेणं भाग होतं. मी तिला आत बोलावलं. म्हटलं, "ताई, तुमचा भाऊ सुटला. टाकीत पाणी राहिलं होतं, त्यानं हवा बिघडली."

ती टेबलाकडं बघत म्हणाली, "टाकी मी विसळली हुती."

"अक्का, गप!" भाऊ ओरडला.

"तू गप. लिवा साहेब. मीच विसळली."

मी तिला समजावून सांगितलं, आणि ते कायद्यानंही खरं होतं. डोकं बसवणाऱ्यानं आत बघायचं असतं, वाळवायचं असतं. तिच्यावर गुन्हा नाही, तिचा दोष नाही.

"त्यांनी बघितलं असतं की," ती म्हणाली. "पर मी धुतलेलं त्यांनी कधी परत बघितलं न्हाय."

तेही मी तिच्याच शब्दांत जबाबात लिहून घेतलं.

फाइलवर 'अपघात' लिहिलं आणि दोघांना रिक्षात बसवून दिलं. पोलिसाला वैर शोधायची सवय लागते. दोन माणसं भांडली की तिथंच खणत बसायचं. त्या घरात वैर शोधून सापडलं नसतं. एक जण ओरडत होता तो काळजीनं, आणि जीव गेला तो भक्तीनं धुतलेल्या टाकीपायी.

निवृत्तीनंतर पूर-बचावाची पोरं मला व्याख्यानाला बोलावतात. मी एकच सांगतो. टाकी कुणीही धुतलेली असो, डोकं बसवण्याआधी आत बघायची, आणि घरच्या माणसानं धुतली असेल तर दोनदा बघायची. आपल्या माणसाचं काम तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे. हे सांगताना माझा आवाज चढतो, पोरांना वाटतं साहेब चिडले. मी चिडलेला नसतो. मला ती बाई आठवते, आणि अजून ती स्वतःलाच दोष देत असेल का, ह्या विचारानं जीव तुटतो.