कारण मोघम आहे

मोताळ्यात रामरावांच्या नावावर एक विक्रम आहे. तेहतीस वर्षं कचेरीत बाबूगिरी केली, पण एकही अर्ज पहिल्या फटक्यात पुढं जाऊ दिला नाही. पैसे खायचे म्हणाल तर छे, त्या बाबतीत देवमाणूस! त्यांना फक्त त्रुटी लागायची. कुणाला पान लागतं, कुणाला तंबाखू, यांना त्रुटी. वेलांटी आखूड, सही तिरकी, कारण मोघम. मग चष्म्यावरून बघत दोनच शब्द: "उद्या या."

निवृत्त झाले आणि अर्ज आटले. आता या माणसानं करावं काय? गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते लोकांचं शुद्धलेखन तपासू लागले. रवी किराणावाल्याची आजी वारली, सगळे हळहळले. रामरावांनी लिहिलं, "श्रद्धांजलीतला 'द्ध' चुकला." ग्रुपचे ॲडमिन अर्जुनराव. चाळीस वर्षांचा दोस्त, रोज पाच वाजता स्टँडवरच्या हॉटेलात चहाचा जोडीदार. त्यांनीच रामरावांना उचलून बाहेर टाकलं.

झालं! रामरावांनी स्टँडवरचा चहा सोडला. खरं सांगायचं तर पाच वाजले की पाय आपोआप चप्पल शोधायचे. त्यांना अर्जुनराव हवेच होते, पण वाकून आलेले हवे होते.

पुतणी प्रतीक्षा गावात कॉम्प्युटर क्लास चालवते. तिनं काकांच्या मरतुकड्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं, पत्रं लिहायला लिब्रेऑफिस दिलं.

"फुकट हाय हे?"

"फुकट नाई काका, मुक्त."

"मंग मालक कोन?"

"कोनीच नाई. सारेच."

"आन् सही कोनाची घ्याची?"

पोरीनं कपाळावर हात मारला. पुढं मॅस्टोडॉन समजावलं, ट्विटरसारखंच चार लोकांत लिहिण्या-बोलण्याचं ठिकाण. तिथंही एक मालक नाही. ज्याचा-त्याचा सर्व्हर, म्हणजे गावोगावचे पार म्हणा, आणि या पारावरून त्या पारावर बोलता येतं. "पन नव्या मानसानं आधी दुसऱ्याच्या चालत्या सर्व्हरवर खातं काढावं, काका."

"दुसऱ्याच्या घरी भाड्यानं काऊन राहू? आपला काढ. सारी गल्ली इकडे आनतो. अर्जुन्याले करू दे मले अर्ज!"

'आपलं मोताळं' नावाचा सर्व्हर उभा राहिला. नोंदणी खुली ठेवायची की मंजुरीनं, असा प्रश्न आला. मंजुरी निवडली की येणाऱ्याला एक चौकट भरावी लागते: तुम्हाला का सामील व्हायचंय? ती चौकट बघून रामरावांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"खुली ठेवा काका, मुक्त म्हंजे..."

"मुक्त म्हंजे मोकाट नाई!"

पहिला अर्ज गल्लीतल्या शकूर टेलरचा: "तुमीच त म्हनलं, ये." नामंजूर, कारण मोघम. रवीनं लिहिलं, "काऊन म्हंजे?" नामंजूर, प्रश्नास प्रतिप्रश्न. घरधनीण गीताबाईंनी कीव येऊन अर्ज भरला: "एकटेच बसता म्हून." हे जरा झोंबलं. नामंजूर, नात्याचा पुरावा जोडलेला नाही. त्या दिवसापासून घरच्या चहातली साखर गेली. महिन्याभरात 'आपलं मोताळं'वर एकूण सभासद एक. तो रोज सकाळी सुविचार टाकायचा आणि स्वतःच पसंत करायचा.

अन् एका संध्याकाळी, पाचाला, अर्ज आला. अर्जुनरावांचा! चौकटीत लिहिलं होतं, "चहा थंडा होऊन राह्यला. ये न बे."

रामरावांनी चारदा वाचलं. डोळे भरून आले हो त्यांचे, खोटं कशाला बोलू? "आला लेकाचा! आला!" म्हणून ओरडले. गीताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पण मेली नजर! ती 'थंडा'वर अडकली. 'थंड' हवं. शिवाय हे कारण कुठं आहे? हे तर निमंत्रण झालं. आणि तेहतीस वर्षांच्या सवयीचा हात गेला, नामंजूरवर बसलासुद्धा.

घाबरून प्रतीक्षाला फोन लावला. "आता काई होत नाई काका, अर्ज पुसल्या गेला," ती म्हणाली.

एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात गीताबाईंची, असे रामराव स्टँडवर पळाले. अर्जुनराव नेहमीच्या टेबलाशी बसले होते. समोर दोन कप, एक रिकामा, दुसऱ्यावर साय धरलेली.

"अर्जुन्या, तुहा अर्ज... हात गेला बे. नामंजूर झाला."

"काऊन?"

"थंडा नाई. थंड पायजे होतं."

अर्जुनरावांनी दुसरा कप उचलला, साय बोटानं बाजूला केली आणि तो गार चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. रामराव टेबलासमोर उभेच होते. कचेरीत लोक त्यांच्या टेबलासमोर उभे राहायचे तसेच, हात जोडल्यासारखे. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्जुनरावांनी मिशी पुसली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"उद्या या," ते म्हणाले.