आतून कुजलं होतं

जिरीसान डोंगराखालच्या आमच्या गावात थंडीने झाड करपलं की लोक दोकचिलदादांना बोलावतात. अठ्ठ्याहत्तरीचे दादा नखाने साल खरवडतात आणि आत हिरवं दिसलं की म्हणतात, "झोपलंय ते. जव पिवळा पडेपर्यंत, म्हणजे जून उजाडेपर्यंत, करवत लावायची नाही." त्यांच्या या जवाची मी कितीदा टर उडवली असेल.

गेल्या हिवाळ्यात पारा उणे अठरावर गेला. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दादा शहरात होते. घराची किल्ली माझ्याकडे, शेजारीण म्हणून. एप्रिल सरत आला तरी त्यांचं पर्सिमनचं, गोड केशरी फळांचं झाड काळं ठिक्कर. त्यांच्या वारलेल्या बायकोने माहेरून काडी आणून केलेलं ते कलम. मी ते बुंध्याशी कापलं. मदत म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला सरपण हवं होतं. चुलीत ते नुसतं धुमसत राहिलं, टोकांना पाणी सुटलं. ओलं लाकूड मला कळत नाही असं नाही.

दादा मे महिन्यात काठी टेकत आले.

"आतून पार कुजलं होतं, दादा," मी म्हणाले.

ते कसेबसे खाली बसले, खुंटावर नख ओढलं. हिरवी रेघ उठली. लाकूड स्वच्छ होतं.

"एखादी काडी उरलीय का?"

"नाही. जाळलं सगळं."

जूनमध्ये खुंटाला कोंब फुटले. मी धावत सांगायला गेले.

"तो गोयोम आहे, कलमाखालचं रानटी झाड, योंगमीची आई," दादा मला लेकीच्या नावाने हाक मारत म्हणाले. "बोराएवढी तुरट फळं येतात. कलम वर होतं, ते तू नेलंस."

तरी उन्हाळाभर ते त्या रानटी कोंबांना पाणी घालत राहिले. नोव्हेंबरात पेंढा घेऊन आले ते आधी माझ्याच दारी. थंडीने करपू नये म्हणून माझं डाळिंबाचं झाड गुंडाळलं, सुतळी आवळली. मला मान वर करवेना.

"मूळ झाड मेव्हण्याच्या अंगणात आहे अजून," ते म्हणाले. "माझा गुडघा काही चढ चढू देणार नाही. पुढच्या महिन्यात तू जा, काडी आण. वसंतात कलम बांधू. बहिणीच्या झाडाचं काय झालं विचारेल तो. काय सांगायचं ते तू बघ."

उद्या निघायचंय. सकाळपासून मनात वाक्य जुळवतेय आणि दर वेळी तोंडात आधी तेच येतं: आतून पार कुजलं होतं.