बोलायच्या मॅडम आणि एक उशिराची घंटा

परवा शाळेतली तांदळाची खोली रिकामी केली. गोण्या ओढताना मागे एक छोटा आरसा सापडला... आणि मी तिथेच गोणीवर बसले. बसायला वेळ नसतो मला, तरी बसले.

मी बदलापूरच्या एका शाळेत मावशी आहे. झाडणं, पाणी भरणं, पोरांना आणणं-नेणं, घंटा वाजवणं, सगळं माझ्याकडे. शिक्षण चौथी. शुद्धलेखन तपासायचं असेल त्यांनी दुसरीकडे जाऊन तपासा.

हा आरसा बोलायच्या मॅडमचा. त्यांच्या कामाचं इंग्रजी नाव मोठं होतं, माझ्या तोंडात कधी बसलं नाही. ज्या पोरांना बोलायला त्रास होतो त्यांच्यासाठी त्या दर गुरुवारी यायच्या, बाकीचे दिवस अंबरनाथ, उल्हासनगरच्या शाळा. वर्ग शिल्लक नव्हता म्हणून त्यांना खिचडीच्या तांदळाची खोली दिली होती. गोण्यांमध्ये सतरंजी टाकून बसायच्या बिचाऱ्या.

पोरं आरशात स्वतःची जीभ बघायची, कागदाचे कपटे फुंकायची, खिदळायची. मला वाटायचं, ह्याचा पगार देतात?

तेव्हा दुसरीत दिव्या होती, सोनिवलीची. शेतकऱ्याची पोर, हुशार, पण बोलताना पहिल्याच अक्षराला अडकायची. मान ताठ, डोळे मिटलेले, आणि शब्द काही बाहेर येत नाही. कार्टी हसायची. आजीने वेखंड उगाळून चाटवलं, पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घातला... काही फरक नाही.

आता खरी अडचण ऐका. वर्गात उभं राहून शूला जाऊ का, एवढं विचारता येत नाही म्हणून ही पोर दिवसभर पाणीच प्यायची नाही. बाटली भरलेली यायची, भरलेली जायची. तरी एकदा वर्गातच झालं. मीच फ्रॉक बदलला. रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत राहिली.

मी तापट आहे, पण ते काळजाला लागलं. तिला सांगितलं, मी दारात दिसले की कान धर. तिने कान धरला की मी बाहेरूनच ओरडायची, "बाई, दिव्याला जायचंय!" झालं काम. मॅडमना महिनाभरात जमलं नाही ते मी एका दिवसात केलं, असा माझा तोरा.

मॅडमना कळलं. शाबासकी राहिली बाजूला...

"मावशी, तुम्ही सुट्टीवर गेलात की ती कान कोणाला दाखवणार?"

"मी सुट्टी घेतच नाही."

"आणि पाचवीला दुसऱ्या शाळेत गेल्यावर?"

राग आला खूप. दोन गुरुवार मी त्यांना चहा दिला नाही. तिसऱ्या गुरुवारी कप पुढे केला आणि विचारलं, मग करायचं काय?

त्यांचं म्हणणं एवढंच... तिचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. हळू बोल, श्वास घे, असलंही काही नाही. तिच्याकडे बघत थांबायचं. बाईंना सांगितलं, वर्गातल्या पोरांनाही बसवून सांगितलं. दिव्याला शिकवलं की पहिलं अक्षर हलकं काढायचं, अडकलं तर अडकू दे, लाजायचं नाही. शूला जायचं विचारायचं एकच वाक्य ती आधी मॅडमशी बोलली, मग गोण्यांमध्ये बसून माझ्याशी, मग रिकाम्या वर्गात बाईंशी. मला थांबणं म्हणजे शिक्षा. पदर तोंडात कोंबून ऐकायची मी.

पण भरल्या वर्गात ती काही उठेना, कानच धरायची. मी दारात असेन याचा नेम नाही, म्हणून बाटली भरलेलीच परत जात होती.

मग एक दिवस... मधल्या सुट्टीला मिनिटभर होतं. आमची घंटा दुसरीच्या दारासमोरच टांगलेली. मी हातोडी घेऊन उभी, बघते तर दिव्या उठली. माझ्याकडे बघितलं. हात कानाकडे गेला नाही.

"बा... बा..." अडकली.

आणि घंटेची वेळ झाली.

माझी घंटा तोपर्यंत एकदाही चुकली नव्हती. टोल दिला की सगळी पोरं धावत सुटणार, तीही सुटणार, बोलायची गरजच नाही. हात वर गेला होता माझा. म्हटलं, मारून टाकावा, सुटेल बिचारी... पण मग ते मी दारातून ओरडण्यासारखंच झालं असतं ना?

हात खाली घेतला.

तिसरीच्या बाई डोकावल्या, "मावशी, झोपलात की काय?" तिकडे ऑफिसातून हेडसर ओरडले, "घंटाऽऽ!" मी ढिम्म. वर्गात बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. एकही कार्टं हसलं नाही. दिव्या अडकली, थांबली, परत सुरुवात केली.

"बाऽऽई, मला... मला शूला जायचंय."

"जा," बाई म्हणाल्या. एवढंच.

माझ्यासमोरून गेली. धावत नाही, चालत. ती कोपऱ्यावर वळली तेव्हा मी घंटा वाजवली. कशी वाजवली ते विचारू नका, पत्र्यावरची कबुतरं उडाली.

हेडसरांनी बोलावून झापलं. मी म्हटलं, हातोडी सापडत नव्हती.

"मग हातात काय आहे?"

मी हातोडी पदराखाली घेतली.

पुढच्या गुरुवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि चहा मागितला. दोन वर्षांनी त्यांचं आमच्याकडे येणं बंद झालं. दिव्या आता नववीत आहे. अजून अडखळते. मागे बाजारात भेटली, भाजीवाल्याशी अडखळत अडखळत भांडत होती... आणि जिंकली.

मॅडम, आज ज्या कुठल्या शाळेत असाल, तिथे तुम्हाला एक नीट खोली मिळाली असू दे. चहा द्यायला माझ्यासारखी आखडू बाई नको.

आणि हेडसर, तुम्ही रिटायर होऊन अंबरनाथ पश्चिमेला राहता, रोज सकाळी फेसबुकवर सुविचार टाकता, म्हणजे हेही वाचालच. त्या दिवशी मी खोटं बोलले. उशीर मुद्दाम केला, सर. परत वेळ आली तर परत करीन.